दुसरा हात शिडीवर असताना

रंगमंचावर दिवे लावणाऱ्या माणसाचे दोन्ही हात एकाच वेळी मोकळे असण्याचा प्रसंग फार क्वचित येतो. शिडीवर चढल्यावर एक हात शिडीला किंवा दिव्यांच्या पाइपला धरलेला असतो, जमिनीवर असताना एका हातात केबलचे वेटोळे असते, आणि प्रयोग सुरू झाल्यावर विंगेत उभे राहून एक हात डिमरच्या (दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या) बोर्डवर किंवा पडद्याच्या दोरीवर ठेवावा लागतो. जे काही कापायचे, पिळायचे किंवा उचकटायचे असेल, ते उरलेल्या हातानेच करावे लागते. त्यामुळे ‘एका हाताने उघडणारे मल्टिटूल’, म्हणजे पक्कड, पाती आणि इतर अवजारे एकत्र असलेले घडीचे हत्यार, असे वर्णन कुठे वाचले की मला त्यात हौसेची वस्तू दिसत नाही, रोजच्या कामाची गरज दिसते. आणि म्हणूनच त्या वर्णनाची परीक्षा काटेकोरपणे व्हायला हवी असे मला मनापासून वाटते. व्यावसायिक नाटकांच्या दौऱ्यांवर अशी हत्यारे मी सतत जवळ बाळगत आलो आहे, सहकाऱ्यांची हाताळून पाहिली आहेत, आणि त्यातून माझे जे मत तयार झाले ते असे, की एका हाताच्या हत्याराचा कस ते उघडण्यात लागत नाही, तो ते मिटून पुन्हा खिशात ठेवण्यात लागतो.

हे नीट कळण्यासाठी या हत्यारांचा थोडा इतिहास पाहावा लागेल. अमेरिकेतल्या पोर्टलंडचा टिम लेदरमन हा तरुण १९७५ साली पत्नीसह जुन्या फियाट मोटारीतून युरोपात फिरत होता. खिशात चाकू होता, पण मोटारीची आणि स्वस्त हॉटेलांमधल्या नळांची दुरुस्ती करताना त्याला वारंवार पकडीची उणीव भासली. परतल्यावर त्याने घड्या होणाऱ्या पकडीचा आराखडा बनवायला घेतला. त्याला १९८० साली पेटंट मिळाले आणि १९८३ साली ‘पॉकेट सर्व्हायव्हल टूल’ विक्रीला आले. मधोमध खरी पक्कड आणि दोन्ही मुठींच्या पोटात पाती, कानस, स्क्रू ड्रायव्हर अशी त्याची मांडणी होती. ती कल्पना मोठी होती यात शंका नाही, परंतु साधे पाते हवे असले तरी आधी मुठी उलगडायच्या आणि मग नखाने खाचेत धरून पाते बाहेर ओढायचे, असा तो क्रम होता, आणि त्यासाठी दोन हात आणि उजेड दोन्ही लागत. पुढे १९९८ साली आलेल्या लेदरमनच्याच ‘वेव्ह’ने पाती मुठींच्या बाहेरच्या अंगाला आणली आणि त्यांना अंगठ्यासाठी भोक ठेवले. तेव्हापासून पाते एका हाताने उघडू लागले, पक्कड मात्र दोन हातांचीच राहिली. गर्बर या दुसऱ्या कंपनीने पकडीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता: मनगटाला झटका दिला की पकडीचा जबडा मुठीतून सरकत बाहेर येतो. पण आतली हत्यारे काढायची तर तिथेही मुठी फाकवाव्या लागतात. पक्कड, पाते आणि बाकीची अवजारे ही सगळीच एका हाताने बाहेर यावीत, असा प्रयत्न लेदरमनने २०१९ साली ‘फ्री’ या मालिकेत केला; त्यात मुठी मिटलेल्या ठेवण्याचे काम चुंबक करतात आणि प्रत्येक अवजार अंगठ्याने बाहेर ढकलता येते.

या सगळ्या वाटचालीत भर उघडण्यावर राहिला, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण दुकानात गिऱ्हाईक हातात घेऊन पाहते ते उघडूनच. झटक्यासरशी पाते बाहेर आले की मनाला आनंद होतो. शिडीवरच्या माणसाला मात्र त्यापुढच्या क्षणाची चिंता असते. केबल बांधलेला प्लास्टिकचा टाय कापून झाला, उघडे पाते उजव्या हातात आहे, डावा हात पाइपवर आहे, खाली सहकारी शिडी धरून उभा आहे. आता हे पाते मिटणार कसे? मांडीवर दाबून मिटण्याची सवय पुष्कळांना असते आणि ती अत्यंत वाईट आहे. काही जण उघडे पाते दातात धरून खाली उतरतात; त्याबद्दल काही लिहिण्याचीही गरज नाही. हत्यार खिशातून काढणे, उघडणे, वापरणे, मिटणे आणि परत ठेवणे ही पाचही कामे त्याच एका हाताने, नजर दुसरीकडे असताना, सलगपणे होत असतील तरच ते हत्यार एका हाताचे आहे असे मी मानतो. यातले एक जरी काम अडले तरी दुसरा हात आपला आधार सोडून मदतीला येतो, आणि उंचीवर तेवढे पुरते.

मिटण्याचा विचार केला की पात्याच्या लॉकचा विचार येतोच. बहुतेक मल्टिटूलमध्ये पात्यामागे पत्र्याची एक जीभ येऊन बसते आणि ती बाजूला सारल्याशिवाय पाते मिटत नाही. ही रचना मजबूत असते, पण ती जीभ सारणारा अंगठा नेमका पात्याच्या वाटेतच असतो. म्हणून आधी पाते थोडेसे ढळू द्यायचे, अंगठा बाजूला काढायचा आणि मग तर्जनीने पाते आत लोटायचे, असे दोन टप्पे करावे लागतात. कोरड्या हाताने, खुर्चीवर बसून हे सहज जमते. घामाने ओल्या हाताने, मे महिन्यात छपराच्या पत्र्याखाली ते तितके सहज जमत नाही. शिवाय ही जीभ सामान्यतः उजव्या अंगठ्याच्या सोयीने बसवलेली असते, त्यामुळे डावखुऱ्या माणसाला ती तर्जनीने ओढावी लागते. आपण उजवे असलो तरी ही अडचण आपलीही आहे, कारण शिडीवर कोणता हात मोकळा राहील हे पाइप कोणत्या बाजूला आहे त्यावर ठरते. खरेदीपूर्वी प्रत्येकाने आपल्या दुबळ्या हाताने ही पाच कामे करून पाहावीत, असा माझा आग्रह आहे. उजव्या हाताने सगळीच हत्यारे चांगली वाटतात.

दुसरी बाब खिळीची, म्हणजे पाते ज्या खुंटीवर फिरते तिची. ती सैल असली तर पाते झटक्यात उघडते, पण खिशातही उघडू पाहते. घट्ट असली तर अंगठा घसरतो. आपल्याकडच्या जुन्या अडकित्त्याची खीळ ज्यांनी निरखून पाहिली असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल: एका हाताच्या बोटांनी तो उघडायचा, दुसऱ्या हाताने सुपारी ठेवायची आणि त्याच पहिल्या हाताने दाब द्यायचा, हे शक्य होते ते त्या खिळीच्या नेमक्या ताणामुळे, पात्याच्या धारेमुळे नव्हे. मल्टिटूलमध्ये हा ताण कमीजास्त करण्यासाठी स्क्रू असतो की खीळ कायमची ठोकलेली असते, हे आधी पाहून घ्यावे. स्क्रू असेल तर वर्षभराच्या वापरानंतर तो थोडा आवळता येतो; ठोकलेली असेल तर पहिल्या दिवशी जो ताण असेल तोच आपला.

आमच्या कामात दोन कसोट्या अशा आहेत की ज्या इतरांच्या परीक्षणांत मला सहसा दिसत नाहीत, आणि मला त्या फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली अंधाराची. दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात विंगेत काही सुटले, तुटले, अडकले तर विजेरी लावण्याची मुभा नसते. तेव्हा मुठीवरून बोट फिरवून कोणते अवजार कुठे आहे हे कळले पाहिजे. एकाच बाजूला, एकाच उंचीची, सारख्या आकाराच्या खाचांची चार अवजारे शेजारी शेजारी असतील तर पात्याऐवजी कानस हातात येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे कानशीऐवजी पाते येते. पाते आणि बाकीची अवजारे मुठीच्या वेगवेगळ्या अंगांना असणे, आणि पात्याचे भोक स्पर्शाने ओळखू येईल इतके निराळे असणे, हा माझ्या लेखी मोठा गुण आहे. दुसरी कसोटी आवाजाची. रंगमंचावर शांततेचा प्रवेश चालू असताना विंगेत ‘टक्’ असा धातूचा आवाज झाला तर तो पहिल्या चार रांगांना ऐकू जातो आणि बोलणाऱ्या नटाला तर जातोच. कोणतेही लॉक बसताना आवाज करते. चुंबकाने ओढून मिटणाऱ्या मुठी तर आपण धरून ठेवल्या नाहीत तर फटकन आदळतात. तळहातात हळूहळू दाबत मिटता येते का, लॉक बसताना अंगठ्याने आवाज दाबता येतो का, हे घरी रात्री शांततेत तपासून पाहावे. पट्ट्याला लावायच्या म्यानाला व्हेल्क्रो असेल तर ते आमच्यासाठी निरुपयोगीच समजावे, कारण व्हेल्क्रोचा चरचराट लॉकच्या आवाजाहून लांब जातो. बटणाचे म्यान किंवा खिशाला अडकणारी क्लिप, हेच पर्याय उरतात.

आता पकडीविषयी. मल्टिटूलला चाकूपासून वेगळे करते ती पक्कड, आणि दिव्यांच्या कामात पात्यापेक्षा पक्कड अधिक वेळा लागते: दिव्याच्या क्लॅम्पचा गरम झालेला बोल्ट धरायला, तारेचे टोक वळवायला, अडकलेली पिन ओढायला, फिल्टरची चौकट बाहेर काढायला. म्हणून फक्त पाते एका हाताने उघडणारे हत्यार आमच्या अर्ध्याच कामाचे ठरते. पण इथे एक गोष्ट मला ठळकपणे सांगितली पाहिजे, कारण दौऱ्यावर नव्याने येणारी मुले ती विसरतात: मल्टिटूलच्या मुठी उघड्या धातूच्या असतात आणि त्या पकडीच्या जबड्याशी सलग जोडलेल्या असतात. २३० व्होल्टच्या चालू वायरला ती लावणे म्हणजे वायर थेट मुठीत धरण्यासारखे आहे. विजेच्या कामाची जी खरी इन्सुलेटेड पक्कड असते तिच्यावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असा आकडा छापलेला असतो. ती खूण नसलेले कोणतेही हत्यार, मुठीवर रबर चढवलेले असले तरी, चालू विजेच्या कामाचे नाही. तारा कापण्याची आणि सोलण्याची जागा मल्टिटूलमध्ये दिलेली असते ती पुरवठा बंद करून, टेस्टर लावून खात्री करून घेतल्यानंतर वापरण्यासाठी. शिडीवर एका हाताने काम करताना दुसरा हात लोखंडी पाइपवर असतो हे लक्षात घेतले, म्हणजे विजेचा प्रवाह एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाण्याची वाट आपणच तयार करून ठेवलेली असते हे ध्यानात येईल.

दिव्यांच्या माणसाने उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचाही विचार केलाच पाहिजे. ५ मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीपाशी पोहोचते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर असतो, आणि पाव किलोच्या जवळपास वजनाचे पोलादी हत्यार त्या वेगाने खाली शिडी धरून उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर पडणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे दोरी अडकवण्यासाठी पक्की कडी नसलेले हत्यार मी वर नेत नाही. दोरी मनगटाला बांधायची की कमरपट्ट्याला, यावर आमच्यात मतभेद आहेत. मी कमरपट्ट्याच्या बाजूने आहे, कारण मनगटाची दोरी पाइपांच्या जंजाळात अडकली तर हातच अडकतो. दोरी मात्र इतकी लांब हवी की हात पूर्ण वर नेला तरी ती ताणली जाऊ नये.

वजनाचे आकडे कागदावर किरकोळ दिसतात, पण दिवसभर खिशात असलेल्या वस्तूच्या बाबतीत ते निर्णायक ठरतात. लेदरमनच्याच तीन हत्यारांची तुलना केली तर ‘स्केलेटूल’ १४२ ग्रॅमचे, ‘फ्री पी२’ सुमारे २१६ ग्रॅमचे आणि ‘वेव्ह प्लस’ सुमारे २४० ग्रॅमचे आहे. ‘स्केलेटूल’मध्ये पक्कड, पाते, बदलता येणारे स्क्रू ड्रायव्हरचे टोक आणि बाटली उघडण्याचा हूक एवढेच आहे, आणि त्याचे पाते एका हाताने सुरेख उघडते, पकडीसाठी मात्र दोन हात लागतात. ‘वेव्ह प्लस’ची चारही बाहेरची अवजारे एका हाताची आहेत, पण पकडीचा प्रश्न तिथेही तसाच आहे. ‘फ्री पी२’ आणि त्याचा थोरला भाऊ ‘पी४’ यांची पक्कडही एका हाताने उघडते आणि मिटते, पण त्यांत टोके बदलण्याची सोय नाही, स्क्रू ड्रायव्हर ठरावीकच आहेत. सगळे गुण एकाच हत्यारात मिळत नाहीत, आणि कोणता गुण सोडायचा हे प्रत्येकाने आपल्या कामाकडे पाहून ठरवायचे असते. वजनदार हत्यार विजारीच्या खिशात मांडीवर आपटत राहते, मग माणूस ते पिशवीत टाकतो, पिशवी मेकअप रूममध्ये राहते, आणि गरज पडते तेव्हा ते जवळ नसते. रोज जवळ बाळगायच्या वस्तूला हा दोष सगळ्यात मोठा.

पोलादाविषयी फार लिहीत नाही, कारण त्यावर लोक आधीच भरपूर लिहितात. या हत्यारांतले सर्वसाधारण पाते ४२०एचसी जातीचे असते. त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम असल्याने ते गंजाला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि साध्या दगडावरही त्याला लवकर धार लागते. १५४सीएम किंवा एस३०व्हीसारखी महाग पोलादे धार जास्त काळ धरतात, पण दौऱ्यावर धार लावण्याचा दगड कोणाकडे नसतो तेव्हाच त्याचा उपयोग. कोकण आणि गोव्याच्या दौऱ्यात गंज पात्यापेक्षा खिळीपाशी आणि लॉकच्या जिभेपाशी आधी धरतो, कारण तिथे घाम आणि खारी हवा साचून राहते. परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब खिळीत सोडणे आणि वरचे तेल पुसून काढणे एवढे पुरते. चुंबक असलेल्या हत्याराची आणखी एक काळजी घ्यावी लागते: नेपथ्याच्या कामाजवळ ते ठेवले की लोखंडाचा कीस त्याला चिकटतो आणि बिजागरीत शिरतो.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. भारताच्या शस्त्र नियमांत ज्या धारदार शस्त्रांचा उल्लेख येतो त्यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा निकष आहे, आणि घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. पावणेतीन इंचांच्या आसपासचे पाते त्याच्या जवळपासही जात नाही. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ नुसार जेव्हा मनाई आदेश लागू होतो तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यास बंदी असते, आणि निवडणुका व सणांच्या काळात असे आदेश निघतच असतात. त्या दिवसांत हत्यार खिशात न ठेवता हत्यारांच्या पेटीत, बाकीच्या पाना-पकडींबरोबर ठेवावे हे बरे. विमानात ते केबिनमध्ये नेता येत नाही. परदेशच्या दौऱ्यावर जाणाऱ्यांनी आणखी सावध राहावे: जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगायला २००८ पासून मनाई आहे, आणि ब्रिटनमध्ये लॉक न होणारे ३ इंचांपर्यंतचे घडीचे पाते चालते पण लॉक होणाऱ्याला योग्य कारण दाखवावे लागते. गंमत अशी, की त्याच २००८ साली स्वित्झर्लंडच्या सैन्याने आपल्या सैनिकांसाठी जो नवा चाकू निवडला, त्याचे पाते मुद्दाम एका हाताने उघडणारे आणि लॉक होणारे होते. लॉकमुळे काम करणाऱ्याची बोटे वाचतात, आणि त्याच लॉकमुळे कायदा त्या वस्तूकडे संशयाने पाहतो. दोन्ही भूमिकांना आपापली कारणे आहेत, आणि काम करणाऱ्याने दोन्ही ठाऊक ठेवावीत.

या साऱ्या परीक्षणात मला सगळ्यात जास्त शिकवले ते आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. आजारपणानंतर त्यांच्या डाव्या हाताची बोटे पूर्ण मिटेनाशी झाली, पण त्यांनी काम सोडले नाही. त्यांच्यासाठी एका हाताचे हत्यार ही काही क्षणांपुरती सोय नाही, दिवसभराची अट आहे. इंग्लंडचा नौसेनानी नेल्सन याने १७९७ साली उजवा हात गमावल्यावर सुरी आणि काटा एकत्र असलेले उपकरण वापरले आणि पुढे तसल्या उपकरणाला त्याचेच नाव चिकटले. पहिल्या महायुद्धात हात गमावलेल्या सैनिकांनीही तशी उपकरणे वापरली. हत्यार बनवणाऱ्यांनी अशा माणसांना आपल्या वस्तू आधी हाताळायला दिल्या तर किती बरे होईल, असे मामांना काम करताना पाहिले की वाटते. नवे हत्यार हातात आले की मामा ते आधी मिटलेल्या अवस्थेत बराच वेळ चाचपतात, डोळे मिटून उघडतात, आणि मग म्हणतात, “आता हे परत बंद कर बघू, माझ्याकडे बघत.” माझ्या पाच कामांच्या कसोटीचे मूळ तिथे आहे.

आमच्या कामाला कोणते घ्यावे, असे नवी मुले विचारतात, तेव्हा मी दिव्यांकडच्या आणि नेपथ्याकडच्या मुलांना निरनिराळे सांगतो. दिवे लावणाऱ्याने ‘फ्री पी२’ किंवा त्याच धर्तीचे, पक्कडही एका हाताने उघडणारे हत्यार घ्यावे, कारण त्याचे निम्म्याहून अधिक काम पकडीचे आहे. स्क्रूसाठी शर्टाच्या खिशात टेस्टर आणि एक इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर वेगळा असू द्यावा, कारण प्लगचे स्क्रू पिळायला मल्टिटूलची लांबी मुळात सोयीची नाही. नेपथ्य लावणाऱ्याला दोऱ्या, सुतळ्या आणि लाकूड कापायचे असते, म्हणून दातेरी पाते आणि करवत असलेले ‘पी४’ किंवा ‘वेव्ह’ त्याला अधिक उपयोगी पडेल. त्याचे पाय बहुतेक वेळ जमिनीवर असल्याने पकडीला दोन हात लागले तरी त्याचे अडत नाही. ज्याला एवढा खर्च झेपत नाही त्याने स्वस्त नकली मल्टिटूल घेण्यापेक्षा एक चांगली इन्सुलेटेड पक्कड आणि एका हाताने मिटणारा साधा चाकू घ्यावा, कारण नकली मालात सगळ्यात आधी दगा देते ते लॉक. आणि कोणतेही घेतले तरी पहिले काही दिवस ते शिडीवर नेऊ नये. विंगेत, जमिनीवर उभे राहून, एक हात पाठीमागे ठेवून ते पुनःपुन्हा उघडावे आणि मिटावे, आणि दुबळ्या हाताला ते न बघता जमू लागले की मगच त्याची दोरी कमरपट्ट्याला बांधावी.